नऊ ठोकळ्यांचं भरीत

शेतात पोचल्यावर हेमलताने सवयीप्रमाणे आधी धोके मोजले. विहीर, हौद, कुंपणाची तार, झाडाला टेकवलेली कुऱ्हाड, आणि आज त्यात चुलीची भर. सव्वादोन वर्षांच्या मुलीची आई पाहुणी म्हणून गेली तरी आधी अशी पाहणी करते आणि मग चप्पल काढते. तिशूला कडेवर घट्ट धरून ती चुलीपर्यंत आली आणि तिथेच थबकली.

चुलीचे तीन दगड एकसारखे होते. चारी बाजू सरळ, कडा कापल्यासारख्या, प्रत्येक बाजू सहा इंच. त्यांच्यावर मोठं पातेलं होतं, पातेल्याच्या काठावर तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, आडवी ठेवलेली पाणसळ होती, आणि पाणसळीतला बुडबुडा अगदी मधोमध उभा होता.

"बघ पोरी," आबा म्हणाले, "चौतीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत तपासणी केली, पण अशी चूल पास करायची संधी मिळाली नव्हती."

खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या धडधडून पेटल्या होत्या. एका दगडाच्या अंगावर शेवाळ करपत होतं आणि त्याखालून लाल रंगातली अक्षरं वर येत होती. के ३.

"आबा, हे हौदातले ठोकळे?"

"हो."

"यांच्या पीएचडीचे?"

"नऊ आहेत गं. प्रशीलला लागतात तीन. मी मोजून तीनच घेतले." आबांनी काठीने जाळ सारखा केला. "उरले सहा. त्याच्या गरजेच्या दुप्पट."

हेमलताने घड्याळ पाहिलं. तिचा नवरा प्रशील त्याच्या पीएचडीच्या सरांना आणायला हायवेच्या फाट्यावर गेला होता. सर धुळ्याहून येणार, भरीत खाणार, आणि जाताना गाडीच्या डिकीत तेच ठोकळे घालून नेणार. उद्या, सोमवारी, त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना पाण्यात ठेवून बरोबर सातशे तीस दिवस होत होते. उद्या ते धुळ्याच्या कॉलेजात दाबयंत्राखाली फोडायचे, आकडा लिहायचा, आणि प्रबंध पुरा. प्रबंध मार्चआधी जमा झाला तर जळगावच्या कॉलेजातली जागा प्रशीलची. नाही झाला तर दुसऱ्याची. आणि प्रशील पुन्हा धुळ्याला, आठवड्यातून एकदा येणारा, शनिवारी रात्री थकून दार वाजवणारा.

तिशू आपल्या बापालाच काका म्हणायची. शेजारची पोरं म्हणत, म्हणून हीसुद्धा. "काका आला," असं ओरडत ती दाराकडे धावायची, आणि प्रशील हसत तिला उचलायचा. त्या हसण्याकडे पाहणं हेमलता टाळायची.

"तिशू आणि हे ठोकळे तीन महिन्यांच्या फरकाने झाले आबा," ती म्हणाली. "तुमचे चिरंजीव ठोकळ्यांनाच जास्त भेटलेत."

"सहा आहेत म्हटलं ना!"

हेमलताने तिशूला दुसऱ्या कडेवर घेतलं. उरलेल्या सहांबद्दल खात्रीने बोलण्याच्या स्थितीत ती नव्हती, आणि त्याचं कारण तिला एकटीलाच माहीत होतं.

*

फक्त स्वतःलाच माहीत असलेलं कारण बाळगणारी माणसं त्या शेतात आणखीही होती.

सासूबाई, म्हणजे पार्वताबाई, पिंपळाखाली ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळत होत्या. शिंदखेड्याकडचं माहेर, त्यामुळे चाळीस वर्षं इकडे राहूनही त्यांच्या जिभेवरची अहिराणी हलली नव्हती. हेमलताने चुलीचं सांगितल्यावर त्यांनी आबांना शिव्या घातल्या, पण मग जरा घाईनेच म्हणाल्या, "जाऊ दे ना. सहा शेतस ना अजून. कसाले घाबरस?"

मनातल्या मनात मात्र त्या म्हणाल्या, पाच. गेल्या वैशाखात मीठ लावलेल्या कैऱ्यांवर दाब द्यायला त्यांनी हौदातून एक उचलला होता. एवढा सपाट, एवढा जड दगड त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. एकाने काय होतं?

प्रज्ञाने, म्हणजे प्रशीलच्या पाठच्या बहिणीने, हे ऐकलं तेव्हा ती भरीत वाढायच्या दुसऱ्या पातेल्याची कल्हई नखाने खरवडून पाहत होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तिचं काम हेच, घरातल्या वस्तूंमधून कोणता धातू माणसाच्या अंगात किती उतरतो ते मोजायचं. तिच्या हातात ताट दिलं की ती आधी ते उलटं करून पाही. नातेवाइकांच्या लग्नात तिने नवरीच्या काजळाचा नमुना घेतला होता, आणि तेव्हापासून तिला आमंत्रणं कमी येत.

"सहा म्हणजे भरपूर झाले वहिनी," ती म्हणाली आणि पुन्हा पातेल्यात डोकं घातलं. तिच्या हिशोबाने पाच होते. दादाचं काँक्रीट साधं नव्हतं. त्यात सिमेंटचा काही भाग काढून रावेरकडच्या केळीच्या खांबांची राख घातली होती. त्या राखेतून काय काय पाझरतं, हा प्रश्न कोणत्याही विष-अभ्यासकाला पडला असता. प्रज्ञाला पडला, आणि एक ठोकळा हातोड्याने फोडून तिने तो आम्लात भिजत घातला. दादाला सांगणारच होती. शोधनिबंध छापून आल्यावर.

धाकटा नीलेश खाटेवर उताणा पडून आभाळ पाहत होता. भर दुपारी. पुण्यात तो विश्वरचनेवर संशोधन करतो, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला होता. सकाळीच शेजारच्या मळ्यातले तोताराम नाना त्याला विचारून गेले, "भाऊ, मना पोऱ्याना गुरू कवय बदलस?" त्यावर आबा कडाडले होते, "ग्रह नाही नाना, विश्व! ह्या घरात पत्रिका बघत नाहीत!"

"दादाच्या सहाला धक्का नाही ना?" नीलेशने आभाळाला विचारलं. गेल्या दिवाळीत पोरांना गुरूचे चंद्र दाखवताना वारा सुटला, दुर्बीण थरथरायला लागली, म्हणून त्याने तिपाईखाली एक ठोकळा टांगला होता. दोरी सुटून तो विहिरीच्या कठड्यावर पडला आणि त्याचे दोन झाले. दोन्ही तुकडे विहिरीत. पुरावा शून्य. उरले आठ, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

नऊ ठोकळे करण्यामागे प्रशीलचं साधं गणित होतं. तीन कामाचे, तीन बिघडले तर, आणि तीन माझ्या घरच्यांसाठी. घरच्यांना तो ओळखून होता. फक्त ते किती जण आहेत हे त्याने नीट मोजलं नव्हतं.

*

लीलाधर सर गाडीतून उतरले तेच नाक वर करून.

"वांगी पऱ्हाट्यांवर भाजली ना? गॅसवरची असती तर मी इथूनच परत धुळ्याला गेलो असतो."

"जय भीम सर," आबा पुढे झाले. "पऱ्हाट्यांवरच. या, पिंपळाखाली बसा. सावली आहे."

"सावलीत काय बसायचं? भरीत चुलीपाशी." आणि सर सरळ चुलीसमोर पाटावर बसले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "फोडणी मी देणार. आमच्या घरात हा मान बायकांना देत नाहीत."

प्रशील गाडीतून पिशव्या काढत होता. त्याने चुलीकडे पाहिलं. पिशव्या तशाच हातात राहिल्या. मग त्याने हेमलताकडे पाहिलं, आणि तिने आबांकडे.

आबांनी दुसरीकडे पाहिलं.

"सर," प्रशील पिशव्यांसकट पुढे आला, "तुम्ही दमला असाल. चूल मी बघतो."

"तू काँक्रीट बघ. चूल मी बघतो." सरांनी तेल ओतलं. पार्वताबाईंनी काठवटीत ठेचलेलं भरीत पुढे केलं. वांगं, हिरवी मिरची, लसूण, वर कांद्याची पात. शेंगदाणे तेलात पडले. "वा! चूल कुणी मांडली? तेल बघा, एका बाजूला झुकत नाही. असे दगड मिळाले कुठे?"

"आमच्याच शेतातले," आबा म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"आबा," प्रशील दातांतून म्हणाला, "जरा इकडे या."

"इथे पाहुणे बसलेत."

"भाऊजी, तुम्ही या," हेमलता नीलेशला म्हणाली. "सरांना काहीतरी विचारा. विश्वाबद्दल."

नीलेश आज्ञाधारकपणे सरांशेजारी उकिडवा बसला, पण सरांनीच आधी विचारलं. "काय म्हणतंय विश्व?"

"पसरतंय सर."

"पसरू दे. मीठ दे."

हेमलताने तिशूला आणखी दहा पावलं मागे नेलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. लग्नाआधी प्रशीलने तिला भेटायला आल्यावर तासभर ओल्या काँक्रीटबद्दल सांगितलं होतं, त्यातलं एक वाक्य कुठेतरी अडकून राहिलं होतं. आतलं पाणी तापलं आणि त्याला वाट मिळाली नाही, तर...

फट्ट!

असा आवाज झाला की पिंपळावरचे बगळे उडाले. एक चपटी ढलपी सरांच्या कानाजवळून जाऊन खाटेच्या पायाला लागली. पातेलं डावीकडे कललं. तोताराम नाना आपल्या मळ्यातून ओरडले, "काय फुटनं रे?"

सर हलले नाहीत. उलथन्याने त्यांनी पातेलं सावरलं, भरीत एकदा खालवर केलं, आणि मागे न वळता म्हणाले, "प्रशील, हे ओलं काँक्रीट आहे. किती दिवस पाण्यात होतं?"

प्रशीलने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

"सातशे एकोणतीस सर," प्रशील म्हणाला.

*

आबांना वाटलं होतं की आपण गुपचूप विझवू, गार करू, घासू, आणि हौदात परत सोडू. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खराब लॉट बाहेर गेला नव्हता. त्यांचं नाव चिंधा, पण लोक चिंधा इन्स्पेक्टर म्हणत आणि टरकून असत. आणि आज ते स्वतःच्या पोराच्या मास्तरापुढे टोपी हातात घेऊन उभे होते.

"चूक माझी सर. पण सहा शिल्लक आहेत."

"मग हरकत नाही," सर म्हणाले. "काढ रे ते सहा. तोवर मी चव बघतो."

प्रशील पँट दुमडून हौदात उतरला. पाणी हिरवंगार, गुडघ्याच्या वर. धुळ्याच्या कॉलेजातला हौद उन्हाळ्यात रिकामा करत, म्हणून त्याने दोन वर्षांसाठीचे नमुने इथे आणून ठेवले होते, आबांच्या भरवशावर. तो पायाने चाचपत राहिला. एक काढला. के २. आणखी एक. के ७. मग वाकला, खांद्यापर्यंत हात घातला, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला, परत आला.

"दोनच आहेत."

"असं कसं?" आबा गरजले. "मी तीन घेतले. नऊ वजा तीन सहा! मोजता येतं मला!"

"गढूय पानीमा नीट दिसत नही," पार्वताबाई म्हणाल्या. "जेवण करी ल्या पहिले. भरीत थंड व्हई जाई."

त्या भरताची एवढी काळजी का करतायत, हे प्रज्ञाच्या लक्षात आलं. ती स्वतः इतका वेळ भरताचीच काळजी करत होती. ढलपीचा कण चुलीवरच्या भरतात उडाला का ते पाहायच्या निमित्ताने तिने मान वर केली नव्हती.

"आई," प्रज्ञा म्हणाली, "तू नेलास का एखादा?"

"मी? मी कसाले नेऊ? तूच न्हेना व्हई, दगडं कुटत फिरस ती!"

"एकच नेला!" प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं. आणि मग सगळंच निघालं. कैऱ्या, आम्ल, दुर्बीण, विहीर. प्रशील हौदात उभा राहून ऐकत होता. प्रत्येक कबुलीबरोबर त्याचे खांदे खाली येत होते.

"मिठात?" तो म्हणाला. "आई, तू माझा ठोकळा खारात ठेवलास? मी दोन वर्षं त्याला क्षारापासून जपलं!"

"आणि आम्ही ते लोणचं खाल्लं!" प्रज्ञा किंचाळली. "आई, कच्च्या आंबट कैरीचं पाणी आणि काँक्रीट? काय काय उतरलं असेल त्यात!"

"बठ्ठा जण बोटं चाटी चाटी खाई ऱ्हायंतात! तुना दादाना सर बी डबा भरी लई ग्यात!"

सरांनी घास गिळला. त्या लोणच्याची चव त्यांना आठवली आणि ती चांगली होती, हे त्यांना नाकारता येईना.

"ते असो," ते म्हणाले. "प्रश्न एवढाच आहे. प्रमाणित पद्धतीत तीन नमुने लागतात. दोघांची सरासरी मला चालणार नाही आणि परीक्षकाला तर नाहीच."

"मग?" हेमलताने विचारलं.

"मग नव्याने राख घालून नऊ करायचे. दोन वर्षं ठेवायचे. या खेपेला बँकेच्या लॉकरमध्ये."

दोन वर्षं. हेमलताच्या कडेवरच्या तिशूने हौदाकडे बोट केलं. "काका पाण्यात," ती खुशीत म्हणाली.

पार्वताबाई पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आबा, एक साधा ठोकळा शे ना गोठाजोडे? त्याले लाल रंग लाई देवो. के आठ. कोणले समजस?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. सरांनीसुद्धा, पुरीचा तुकडा तोंडाशी धरून. चूक आबांची होती, सुटकाही आबांना मिळत होती, आणि हाताशी लाल रंगाचा डबा होता.

आबांनी टोपी डोक्यावर घातली.

"ह्या शेतातून बोगस लॉट पास होणार नाही," ते म्हणाले. "सर, कागद द्या. मी लिहून देतो. तीन नमुने मी चुलीला लावले. सही करतो. ह्या बाकीच्यांच्याही सह्या घेतो."

"परिशिष्टात टाकू," सर म्हणाले. थट्टा होती की नव्हती, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

*

जेवायला पंगत बसली, पण सगळे नुसते घास चिवडत होते. सर सोडून. सरांच्या केळीच्या पानावर तिसऱ्यांदा भरीत पडलं.

नीलेश मात्र मघापासून बोटांवर मोजत होता. "एक मिनिट. आबांचे तीन, आईचा एक, प्रज्ञाताईचा एक, माझा एक. सहा. हौदात दोन. आठ. नववा?"

"तूच दोन टाकले असशील विहिरीत," प्रज्ञा म्हणाली.

"माझ्या विषयात काय असतं सांगू? विश्वातला बराचसा माल दिसतच नाही. दुर्बिणीला दिसत नाही, कशालाच दिसत नाही. पण तो आहे हे कळतं. कसं? आजूबाजूचे तारे नीट वागत नाहीत त्यावरून. कुणीतरी जड, न दिसणारं, त्यांना ओढतंय." त्याने पुरीने सगळी पंगत दाखवली. "आता बघा. आई चिडलीय. ताई ओरडतेय. आबा लिहितायत. दादा रडायच्या बेतात आहे. सगळे आपापल्या कक्षेत. फक्त वहिनी. वहिनींनी अजून पहिला घास घेतला नाही आणि लागोपाठ तीन वेळा तिशूच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं."

सगळ्या माना वळल्या.

"भाऊजी, तुम्ही आभाळ बघा ना," हेमलता म्हणाली. पण बोलता बोलता तिने प्रशीलकडे पाहिलं. तो ओल्या पँटीने पंगतीत बसून पानावरचे शेंगदाणे एका ओळीत लावत होता. मग तिने बाटली खाली ठेवली.

"घरी आहे," ती म्हणाली. "न्हाणीघरात. पिंपात."

"कसल्या पिंपात?"

"पाण्याच्या. निळ्या." आता सगळं एका दमात निघालं. "तिशू उभी राहायला लागली ना, तेव्हा काठाला धरून लोंबायची. पाणी खाली गेलं की पिंप हलकं होतं. एकदा अर्धं कललं. मी तिथेच होते म्हणून. त्या रविवारी इथे आलो, मला हा ठोकळा दिसला. एवढा जड. पिशवीत घालून नेला आणि पिंपाच्या तळाशी ठेवला. आता पिंप हलत नाही. नऊ आहेत, एकाने काय होतंय, असं वाटलं. दीड वर्ष झालं."

"तळाशी?" सरांनी पान बाजूला सारलं. "म्हणजे पाण्यात? सतत?"

"सतत सर."

"पिंप कधी रिकामं?"

"ठोकळा उघडा पडू देत नाही. तो बुडेल एवढं ठेवतेच. नळाला पाणी यायचा दिवस चुकला तर टँकरवाल्याला सांगते, पण तळाचं पाणी काढत नाही. मग तो ठेवून उपयोग काय?" तिने फोन काढला. "पाणी कधी आलं, किती भरलं, सगळं लिहिलंय. मला लिहायची सवय आहे. काळजी वाटते म्हणून."

सरांनी फोन घेतला आणि खाली खाली सरकवत राहिले. तारखा. पातळी. "काठाखाली चार बोटं." "आज उशिरा, साडेअकराला." "तिशूला सर्दी, अंघोळ नाही." त्यांनी भुवया उंचावल्या. "प्रशील, तुझ्या नोंदवहीत मार्च ते मे कोरा आहे."

प्रज्ञा मात्र उभी राहिली होती. "वहिनी! तिशूची अंघोळ त्या पाण्याने? माहीत आहे का त्या राखेतून..." आणि मध्येच थांबली. "थांब. दर दोन महिन्यांनी तू मला जी बाटली द्यायचीस तपासायला. शेजारच्या मावशींच्या बोअरचं पाणी म्हणून."

"शेजारी बोअर नाही," पार्वताबाई सहज म्हणाल्या.

"सुरुवातीला जरा जास्त क्षार," प्रज्ञा डोळे मिटून आठवत होती, "मग नाही. शिसं नाही. आर्सेनिक नाही. नऊ बाटल्या. नऊ अहवाल! अगं, मी मावशींना फिल्टर घ्यायला सांगितलं होतं, त्याचं काय?"

"मीच घेतला," हेमलता म्हणाली.

प्रशील पहिल्यांदा हसला. मोठ्याने नाही, पण हसला. "तू मला विचारलं होतंस. काँक्रीट पाण्यात राहिलं तर पाणी खराब होतं का. मला वाटलं, बायकोला माझ्या विषयात रस आला."

"आला होता की."

लीलाधर सरांनी हात धुतले, पुसले, आणि निकाल दिला. "लपवायचं काही नाही. प्रबंधात स्पष्ट लिहायचं. दोन नमुने शेतातल्या हौदात, एक सहा महिने हौदात आणि पुढे घरातल्या पिंपात. पाण्याचे नऊ अहवाल सोबत. त्या तिघांत एकाचा आकडा सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून लांब गेला, तर मी स्वतः निकाल मोडीत काढीन आणि दोन वर्षं थांबायचं. कबूल?"

"कबूल," आबा म्हणाले, कुणी त्यांना विचारलं नव्हतं तरी. आणि कागदावर खाली आणखी एक ओळ वाढवली.

*

संध्याकाळी जळगावच्या घरात न्हाणीघरापुढे गर्दी झाली. प्रशीलने बाही दुमडून पिंपात हात घातला. तिशू आईचा पदर ओढत होती. रोज अंघोळीच्या वेळी ती त्या पिंपात डोकावून तळाशी लाल अक्षरं असलेल्या आपल्या दगडाला टाटा करायची. आज तिच्या डोळ्यांदेखत तो बाहेर आला, थबथबत, के ४.

"काका!" ती ओरडली. "माझा दगड!"

"अगं देऊ या त्यांना," हेमलता खाली बसली. "आपल्याकडे बोहारीण येते ना? जुना शर्ट देतो, मग ती पातेलं देते. तसंच. दगड द्यायचा आणि बाबा घ्यायचा."

तिशूने विचार केला. "नवा?"

"नवा नाही गं. हाच. धुऊन पुसून."

प्रशील ओल्या ठोकळ्यासकट उभा होता. त्याने हेमलताकडे पाहिलं, मग ठोकळा ओल्या पोत्यात गुंडाळून सरांच्या डिकीकडे निघून गेला. आबांनी शेतातून आणलेला एक गोल, साधा, काळा दगड पिंपात सोडला. पाणसळ खिशात होती, पण गोल दगडाला ती लावता येईना, म्हणून त्यांनी तो नुसताच पास केला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळे धुळ्याच्या फोनची वाट पाहत होते. प्रज्ञा प्रयोगशाळेतून दोनदा, नीलेश पुण्याच्या बसमधून तीनदा, "आला का फोन?" पार्वताबाईंनी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली आणि पुन्हा उतरवली. हेमलताने पिंपाला हात लावून पाहिलं. हलत नव्हतं. पुन्हा लावून पाहिलं.

साडेबाराला फोन वाजला. मागे यंत्राची घरघर.

"एक्केचाळीस," प्रशील म्हणाला. "दुसरा चाळीस." मग थांबला.

"आणि पिंपातला?"

"त्रेचाळीस. तो फुटायलाच तयार नव्हता गं. सर म्हणाले, हा तुझ्या बायकोवर गेलाय."

हेमलता फोन कानाला धरूनच दाराकडे वळली. आबा दारातच उभे होते. तिने तीन बोटं वर केली, मग अंगठा, आणि आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं, जणू त्यांना यात कधी शंका नव्हतीच.

तिशूने उड्या मारून फोन मागितला. दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"काका. दगड मिळाला?"

"मिळाला बाळा."

"मग बाबा दे."

तिकडे यंत्र थांबलं. प्रशील काहीतरी म्हणाला, फार हळू, पण तिशूने ते नीट ऐकून घेतलं आणि फोन आईला परत दिला.

"देतो म्हणाला," तिने सांगितलं. "काकाच आणून देणार आहे."